नास्तिकपण हाही एक धर्मच का? घरात, रानात आणि सरकारी कागदावर हे कसं ठरवायचं

गेल्या येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला रानात जाऊन जेवायच्या आमच्याकडच्या सणाला, भावाचा मुलगा रानातल्या कोपीत बसल्या बसल्या मला म्हणला, "आत्या, तू देव मानत नाहीस ते ठीक. पण नास्तिकपण म्हणजे बी एक धर्मच की. आम्ही देव आहे असं मानतो, तू नाही असं मानतेस. मानणं तर दोघांचंही आलं."

समोर पत्रावळीवर भज्जी होती, उंडे होते, गव्हाची खीर होती. आंबिलाचं बिंदगं कडब्याच्या सावलीत ठेवलेलं. बाहेर ज्वारी पोटरीत आलेली. तेवढ्यात भाऊ "ओलगे ओलगे, सालम पोलगे" म्हणत आंबील शिंपडायला उठला, पोरं त्याच्यामागं धावली आणि बोलणं तिथंच राहिलं.

हा प्रश्न मला पहिल्यांदा आलेला नाही. औसा तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये मी नोकरी केली, शेवटची काही वर्षं मुख्याध्यापिका होते, आता लातुरात राहते. शिक्षक खोलीत, लग्नाच्या मांडवात, एसटीत, सगळीकडं मला हे विचारलं गेलंय. काहींना खरंच समजून घ्यायचं असतं. काहींना "म्हणजे तुम्हीही आमच्यातल्याच" असं म्हणून विषय मिटवायचा असतो. उत्तर दोघांनाही नीटच द्यायला पाहिजे. तुमच्या घरात कुणी पोरगा-पोरगी देव मानेनाशी झाली असेल, किंवा तुमचंच मन तिकडं वळलं असेल, तर मी ज्या क्रमानं हा गुंता सोडवला तो क्रम सांगते.

आधी 'देवधर्म' हा शब्द उसवा

आपल्याकडं देव आणि धर्म एकाच टाक्यात शिवलेत. "देवधर्म काही करता का नाही?" असं आपण विचारतो. त्यामुळं देव गेला की धर्म गेला, आणि देवाबद्दल काही मत असलं की तो धर्म, असं वाटायला लागतं. त्यात 'धर्म' हा शब्द कुठंकुठं फिरतो बघा. शेजारधर्म, कुळधर्म, पाण्याचा धर्म वाहणं, दारात येऊन "धर्म करा माय" म्हणणारी म्हातारी. कर्तव्य, रीत, स्वभाव, दान, हे सगळं धर्मच. कुणी नास्तिकपणाला धर्म म्हणलं की आधी शांतपणे विचारा, यातला कोणता धर्म म्हणताय? समोरच्याला बहुतेक वेळा फॉर्मवरच्या रकान्यातला धर्म म्हणायचा असतो. हिंदू, मुस्लिम, बौद्ध, जैन या ओळीतला. मग त्याच अर्थानं पुढं बोला. मध्येच अर्थ बदलू देऊ नका, तुम्हीही बदलू नका.

मग देव आणि धर्म या दोन गोष्टी निरनिराळ्या असल्याचे दाखले द्या. लांब जायला नको. माझ्या शाळेत एक बौद्ध सहकारी होते. ते म्हणायचे, "बाई, मी देव मानत नाही, पण मला धर्म आहे." त्यांचं बरोबर होतं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यातली पहिलीच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची आहे. जैनांच्यातही जग निर्माण करणारा ईश्वर नाही, तरी मंदिरं आहेत, व्रतं आहेत, साधू आहेत. म्हणजे ईश्वराशिवाय धर्म असू शकतो.

उलटंही होतं. मुंबई उच्च न्यायालयात एक प्रकरण चाललं होतं. तिघांना राजपत्रात 'आम्हाला धर्म नाही' असं नोंदवून घ्यायचं होतं आणि शासकीय मुद्रणालयानं ते नाकारलं होतं. हे तिघं येशूला मानणारे होते. येशूवर विश्वास, पण ख्रिस्ती किंवा कुठलाच धर्म नको, असं त्यांचं म्हणणं. २३ सप्टेंबर २०१४ ला न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. हे वाचलं तेव्हा मी वर्तमानपत्राचं ते पान घडी करून ठेवलं होतं. देव आहे आणि धर्म नाही, असंही माणूस कायद्यानं म्हणू शकतो.

'नास्तिक' या शब्दाचा जुना अर्थही लक्षात असू द्या. मनुस्मृतीत वेदांची निंदा करणाऱ्याला नास्तिक म्हणलंय. त्या मोजमापानं सांख्य हे जुनं दर्शन आस्तिक ठरतं, कारण ते वेद मानतं, जरी जुन्या सांख्यात ईश्वराला जागा नाही. बौद्ध, जैन आणि चार्वाक मात्र एकाच रांगेत नास्तिक. आज आपण देव न मानणाऱ्याला नास्तिक म्हणतो. आजोबा जुन्या अर्थानं बोलतात, नातू नव्या अर्थानं, आणि दोघं तासभर भांडतात. आमच्या घरात हे झालंय.

पाणाड्याच्या नारळावरून समजून घ्या

आता "मानणं तर दोघांचंही आलं" याकडं येते. सगळा घोळ इथंच आहे.

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते साल आठवा. त्याच्या आदल्या दोन वर्षांत आमच्या भावानं रानात तीन बोअर मारले. तिन्ही कोरडे गेले. चौथ्या वेळी त्यानं पाणाड्या, म्हणजे जमिनीखालचं पाणी सांगणारा माणूस, आणला. तो माणूस अनवाणी, तळहातावर सोललेला नारळ आडवा ठेवून बांधाबांधानं चालला. लिंबाच्या झाडापाशी नारळ उभा झाला. "हितं हाय. दीडशे फुटावर दोन इंच पाणी," तो म्हणला. भाऊ माझ्याकडं बघायला लागला, कारण पैसे मी देणार होते.

मी म्हणलं, "मला पटत नाही, मी या जागेसाठी पैसे देत नाही." आता नीट ऐका. तिथं पाणी नाहीच, असं मी म्हणले का? नाही. जमिनीखाली काय आहे हे मलाही दिसत नव्हतं. नारळ उभा राहिला हा पुरावा मला पुरेसा वाटला नाही, एवढंच माझं म्हणणं. 'तिथं पाणी नाही असं मी मानते' आणि 'तिथं पाणी आहे हे मला पटलेलं नाही' ही दोन वाक्यं ऐकायला जवळची आहेत, पण दुसऱ्यात मी कुठलाच दावा केलेला नाही. दावा पाणाड्याचा होता.

बरेच नास्तिक या दुसऱ्या वाक्यातले असतात. देव आहे हे पटलेलं नाही, एवढंच. याला धर्म म्हणायचं तर पाणाड्यावर विश्वास न ठेवणाऱ्यांचाही एक धर्म धरावा लागेल.

पण इथं थांबणं प्रामाणिकपणाचं नाही. मी स्वतः पहिल्या वाक्यातली आहे. देव नाही, असं माझं मत आहे, आणि ते मी मत म्हणूनच सांगते. ते चुकू शकतं. तेव्हा "तुझंही ते मतच" असं कुणी म्हणलं तर मी लगेच हो म्हणते, तुम्हीही म्हणा. मत असणं आणि धर्म असणं यात मोठं अंतर आहे. कापसाला भाव मिळणार नाही हेही मतच असतं.

सहा प्रश्न विचारून बघा

एखादी गोष्ट धर्मासारखी आहे का हे बघायला मी सहा प्रश्न वापरते. प्रश्न विचारता येणार नाही असा ग्रंथ किंवा माणूस तिथं आहे का? बारसं, लग्न, मयत यांचे ठरलेले विधी आहेत का? मेल्यावर काय होतं याचं उत्तर आहे का? काय खावं, कसं वागावं याचे नियम त्यातूनच निघतात का? आपले कोण आणि परके कोण हे त्यावरून ठरतं का? आणि शेवटचा, उद्या उलटा पुरावा आला तर मत बदलायची मुभा आहे का?

नुसत्या नास्तिकपणाला हे लावा. ग्रंथ नाही, विधी नाही. नियमही निघत नाहीत. देव न मानणारा माणूस मटण खाईल किंवा माळकऱ्यासारखा शाकाहारी असेल, डावा असेल किंवा उजवा, चांगला असेल किंवा वाईटही. "नास्तिक आहे" एवढ्यावरून त्याच्याबद्दल फारसं काहीच कळत नाही. हुंडा घेणारे नास्तिक मी बघितलेत. एका प्रश्नाला दिलेलं एक उत्तर, एवढाच त्याचा जीव.

म्हणून मला वाटतं, नास्तिकपण हा धर्म नाही. त्याच्यावर माणूस जे बांधतो ती मात्र विचारसरणी असू शकते. विवेकवाद, मानवतावाद, मार्क्सवाद, यांना मूल्यं आहेत, पुस्तकं आहेत, संघटना आहेत. आणि त्यातलं काही पार धर्माच्या उंबऱ्यापर्यंतही जातं. फ्रान्सच्या ऑगस्त कोंत या तत्त्वज्ञानं १९ व्या शतकात देवाला वगळून चक्क 'मानवतेचा धर्म' काढला. संतांच्या जागी थोर माणसं, आणि १३ महिन्यांचं स्वतंत्र पंचांग. ते धर्मासारखं होतं हे मान्य करायला मला अडचण नाही.

हे सहा प्रश्न स्वतःलाही विचारा, हे कळकळीनं सांगते. तरुण मुलं नव्यानं नास्तिक होतात तेव्हा एखाद्या वक्त्याचा शब्द अखेरचा मानायला लागतात, देव मानणाऱ्या मावशीला अडाणी म्हणायला लागतात. तिथं पाचव्या आणि पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'हो' यायला लागतं. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ पासून महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं काम उभं केलं, तेव्हा देव मानणाऱ्या माणसालाही बुवाबाजीविरुद्धच्या कामात येण्याची वाट मोकळी ठेवली. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला. आमच्या गावात त्या दिवशी सगळ्यात जास्त हळहळलेले गृहस्थ पंढरीची वारी करणारे होते.

रागावणं आणि न मानणं

लोक माझ्याबद्दल एक गोष्ट गृहीत धरतात. किल्लारी आमच्याच तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक उशिरा झोपले होते. "ते बघून बाईंचा देवावरचा विश्वास उडाला," असं बोललं जातं. तसं नाही. मी त्याच्या आधीपासूनच मानत नव्हते. आणि पत्र्याच्या शेडमध्ये मी अशी बाई बघितली, जिची दोन लेकरं दगडाच्या भिंतीखाली गेली होती आणि तरीही ती वाटीत तेल घालून रोज दिवा लावायची. देवावर रागावलेला माणूस देवाला मानतच असतो, त्याशिवाय राग कुणावर? तेव्हा कुणी तुमच्या नास्तिकपणाचं कारण एखाद्या दुःखात शोधायला लागलं, तर तुमचं खरं कारण सांगा. माझं साधं होतं. विज्ञान शिकवताना पोरांना "पुरावा काय?" विचारायला लावायचे, आणि एक दिवस तोच प्रश्न घरी घेऊन आले.

आईचा दिवा

घरात कसं वागायचं हे सगळ्यात अवघड, आणि इथं पुस्तकातलं ज्ञान फार कामाला येत नाही.

आई शेवटची दोन वर्षं माझ्याकडं होती. गुडघे गेले होते, देव्हाऱ्यापर्यंत जाता येत नव्हतं. देव्हाऱ्यात चांदीचे टाक, एक बाळकृष्ण, तुळजापूरच्या भवानीची तसबीर. ती खाटेवर बसून मांडीवर कापूस घासत वाती वळायची. आधी सरकी काढायची, मग कापूस पिंजून पातळ करायचा, मग तळहातानं एकच लांब ओढ. हात थरथरायचे, पण वात सुतासारखी सरळ यायची. मी ती निरांजनात घालून लावायचे. टाक तिच्या सांगण्याप्रमाणं चिंच लावून घासायचे. पहिल्यांदा लावला तेव्हा ती म्हणली, "तू नको लावूस माय, तुझा जीव नाही त्यात. लेकराला हाक मार शेजारच्या." मी म्हणलं, "आई, हात माझा, दिवा तुझा." ती हसली आणि पुन्हा वात वळायला लागली.

हा ढोंगीपणा झाला का? मी यावर बरेच दिवस विचार केला. मग एक कसोटी सापडली, तीच तुम्हाला देते. हे कृत्य कुणाचं आहे, ते बघा. दिवा आईचा होता, मी तिचे पाय झाले होते. माझ्या स्वतःच्या घरभरणीला मात्र मी पूजा ठेवली नाही, कितीही जणांनी सांगितलं तरी, कारण ते कृत्य माझं झालं असतं. आई गेल्यावर दहावा भावानं केला. मी गेले, बसले, आलेल्यांना पाणी दिलं, पिंडाला कावळा शिवायची सगळ्यांबरोबर वाट बघितली. तो शिवल्यावर भावाच्या चेहऱ्यावर जे उतरलं ते मला खोटं म्हणायचं नाही. माझ्या मयतीला विधी नको, देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यायचा, हे मी लिहून ठेवलंय आणि भावाला वाचून दाखवलंय. तुमचंही असं काही मनात असेल तर नातेवाइकांना जिवंतपणी सांगा. देहदानाचा अर्ज भरलेला असला तरी ऐन वेळी घरच्यांनी नेलं नाही तर देहदान होत नाही.

शेगावची पालखी आपल्या भागातून जाते तेव्हा वारकऱ्यांना पिठलं-भाकरी द्यायला मी उभी राहते. भाकरी भुकेल्या माणसाला आहे. येळवशीचंही तेच. रानात मांडलेल्या पांडवांपुढं हात जोडत नाही, पण उंडे वळायला पहाटे तीनला उठते.

कागदावर

इथं भराभर सांगते, पण काळजीपूर्वक वाचा.

राज्यघटनेच्या कलम २५ मध्ये नुसतं धर्माचं नाही, सदसद्विवेकाचंही स्वातंत्र्य आहे. २०१४ च्या त्या निकालात न्यायालयानं म्हणलं की कुठलाच धर्म नसल्याचं सांगण्याचा हक्कही त्यात येतो, आणि सरकार कुणाला धर्म सांगायची सक्ती करू शकत नाही. म्हणजे धर्म नसला तरी संरक्षण धर्माइतकंच. अमेरिकेत एका वरिष्ठ न्यायालयानं २००५ मध्ये वेगळी वाट घेतली. तुरुंगातल्या एका नास्तिक कैद्याला अभ्यासगट काढायचा होता, तेव्हा घटनेच्या संरक्षणापुरता नास्तिकपणाला धर्मच समजावं असं ते म्हणलं. कुणी तुमच्यापुढं हा निकाल टाकला तर 'संरक्षणापुरता' हा शब्द दाखवा.

शाळेत परिपाठाला प्रार्थना असते. अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही, हे कलम २८ मध्ये आहे. मी मुख्याध्यापिका असताना एक मुलगी हात न जोडता उभी राहायची. मी तिला एवढंच सांगितलं होतं, गडबड करायची नाही. शिक्षकांनाही ही मोकळीक आहे. नाशिकच्या एका शिक्षकानं प्रार्थनेला हात जोडले नाहीत म्हणून त्यांची वरची वेतनश्रेणी अडली होती, २०१३ मध्ये उच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं कौल दिला. कोर्टात साक्षीला उभं राहिलात तर देवाची शपथ न घेता गांभीर्यपूर्वक सत्य सांगण्याची सोय १९६९ च्या शपथ कायद्यात आहे. आधीच सांगा, कुणी अडवत नाही.

लग्न विधीशिवाय करायचं तर १९५४ चा विशेष विवाह कायदा. जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडं नोटीस द्यायची, ३० दिवस थांबायचं, तीन साक्षीदार न्यायचे. रानात हिस्सा जाईल ही भीती मुलांना घातली जाते. हिंदू आईबापाच्या पोटी जन्मून देव मानणं सोडलं म्हणून वारसा जात नाही. अनुसूचित जमाती सोडल्या तर १९५६ चा हिंदू वारसा कायदा मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी, ज्यू नसलेल्यांना लागू आहे. सातबारा देवाला विचारून होत नाही.

एक मात्र जपा. शाळेच्या प्रवेश निर्गम रजिस्टरमध्ये मुलाची जात कोरी ठेवू नका. पुढं जात पडताळणीला हाच निर्गम उतारा मागतात, आणि उत्साहात कोरा ठेवलेला रकाना पोरांना फार महाग पडलेला मी बघितलाय. अनुसूचित जातीच्या घरांनी तर 'धर्म' रकान्यात काही वेगळं लिहायच्या आधी चांगल्या वकिलाशी बोलाच. अनुसूचित जातीत कुणाला धरायचं हे ठरवणाऱ्या १९५० च्या आदेशात हिंदू, शीख आणि बौद्ध एवढेच धर्म आहेत.

आता जनगणना. २०२७ ची तोंडावर आहे, १ मार्च २०२७ ही तिची संदर्भ तारीख. स्वतः ऑनलाइन भरा किंवा दारी नोंद घ्यायला येणाऱ्या प्रगणकाला सांगा, पण 'निधर्मी' म्हणायचं का 'नास्तिक' हे आधी ठरवा. २०११ मध्ये देशात सुमारे ३३ हजार लोक नास्तिक म्हणून नोंदले गेले, त्यातले साडेनऊ हजारांवर महाराष्ट्रातले. आणि तो आकडा तक्त्यात कुठं आहे? 'इतर धर्म आणि पंथ' या मथळ्याखाली. भावाच्या मुलाला सरकारी पुरावा पाहिजे असेल तर तो हा. तक्त्याला खाना लागतो, म्हणून तो आकडा तिथं बसला. 'धर्म सांगितला नाही' यात २८ लाखांवर लोक होते, ती निराळी गोष्ट आहे. गप्प राहिलात तर तिकडं मोजले जाल.

२०११ ला मी लातुरात प्रगणक होते. फेब्रुवारीतली दुपार, एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हरकाका, दारात खुर्ची टाकून बसलेले. सातवा प्रश्न धर्माचा. ते म्हणले, "बाई, धर्म नाही म्हणून लिहा." सहा धर्मांना सहा आकडे दिलेले होते, एक म्हणजे हिंदू. यांच्यासाठी आकडा नव्हता. मी वरिष्ठांना फोन लावला. "नाव बघा आणि एक टाका, उगं वेळ घालवू नका," असं उत्तर आलं. मी स्वतः देव न मानणारी, आणि मी एक हा आकडा लिहिला. काकांनी विचारलं, "लिहिलं का?" मी हो म्हणले आणि पुढच्या दाराकडं गेले.

तुमच्या दारी येईल त्याला आधी पाणी द्या, बसवा. सगळं सांगून झालं की धर्माच्या रकान्यात काय लिहिलंय ते मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा.